चाळीस दिवसांची गॅरंटी

आमचा कुत्रा बंड्या अडीच वर्षांचा असताना त्याला पहिली फिट आली. तपासण्यांत दुसरं काही निघालं नाही, तेव्हा डॉक्टरांनी अपस्मार म्हणून फेनोबार्बिटोन सुरू केलं, दर बारा तासांनी. फिट्स कमी होतील, पूर्ण थांबतीलच असं नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला नेमकं तेच ऐकायचं नव्हतं. त्यात गोळ्यांनी त्याची तहान-भूक वाढली आणि सुरुवातीला मागचे पाय लटपटायचे.

एका वाईट आठवड्यानंतर ‘कुत्र्यांची फिट मुळापासून बरी’ करणारा एक जण फोनवर भेटला. त्याने फिटचा व्हिडिओ मागवला, बघून हळहळला. चाळीस दिवसांत फरक नाही तर पैसे परत. पैसे अर्थात आधी. अट एकच: ‘त्या गोळ्या आजपासून बंद, नाहीतर माझे थेंब लागू पडणार नाहीत.’

मी बंद केल्या. हे औषध एकदम तोडलं की फिट्स उलट जोरात उसळतात. कमी करायचं तरी हळूहळू, डॉक्टरांना विचारून. तिसऱ्या रात्री बंड्याला लागोपाठ चार आल्या आणि शेवटची थांबेचना. पाच मिनिटांपुढे गेलेली फिट म्हणजे जिवाशी खेळ, हे ठाऊक असून मी आधी फोन त्या माणसाला लावला. अजून लाज वाटते. ‘विष बाहेर पडतंय, थेंब दुप्पट करा,’ तो म्हणाला. दवाखान्यात पोचलो तेव्हा बंड्याचं अंग तापलेलं होतं. शिरेतून औषध दिल्यावर फिट थांबली.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फिट्सची नोंदवही मागितली आणि तारखांवर बोट ठेवलं: गोळ्या चालू असताना दोन फिट्समध्ये तसेही सहा-सात आठवडे जात होते. म्हणजे गोळ्यांसोबत नुसतं पाणी पाजलं असतं तरी ती गॅरंटी खरी ठरली असती! गोळ्या गुपचूप चालू ठेवणाऱ्यांकडूनच त्याला शाबासकी मिळत असणार. शिवाय माणूस असल्या औषधामागे लागतो तो वाईट आठवडा सरल्यावर, आणि त्यानंतर बरे दिवस बहुतेकदा आपसूक येतात.

पैसे मागितले तर म्हणाला, कोर्स मध्येच सोडलात, गॅरंटी संपली. मग नंबर ब्लॉक.

महिन्याभराने एका ओळखीच्याने त्याची नवी जाहिरात पाठवली. ‘आधी’च्या व्हिडिओत आमची निळी सतरंजी आणि तिच्यावर तडफडणारा बंड्या. ‘नंतर’च्या व्हिडिओत धावणारा कुत्रा कुणाचा आहे, देव जाणे.