उपकारस्तुतीचं जेवण आणि हॉट बॉक्स: शेवटच्या घरापर्यंत ऊब टिकते का?

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक टोमणा आहे. ज्याला अंगावर धड कपडा नाही आणि पोटाला अन्न नाही त्याला कुणीतरी नुसतंच म्हणतं, सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा. आणि हातावर काहीच ठेवत नाही. चर्चच्या मंडळीच्या स्वयंपाकघरातून घराघरांत जेवण पोचवणाऱ्या हॉट बॉक्सला, म्हणजे अन्नाची ऊब धरून ठेवणाऱ्या डब्याला, हा टोमणा जरा वेगळ्या अर्थाने लागू होतो. हातावर ठेवलं खरं, पण ऊब वाटेतच संपली.

चर्चमधल्या कापणीच्या सणाची आजची पद्धत बरीचशी १८४३ सालची. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टोचे पाळक (धर्मगुरू) रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी त्या वर्षी पिकाबद्दलची उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं, चर्चमध्ये आणली आणि ती सगळीकडे पसरली. वेदीपुढे धान्य, फळं, भाज्या मांडायच्या आणि उपासना झाली की गरजूंना वाटायच्या. पण कच्च्या भाजीची टोपली घेऊन ती शिजवणं ज्यांच्या हातून होत नाही, अशी घरं प्रत्येक मंडळीत असतात. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात सातव्या महिन्यात, म्हणजे ऐन शरदात, लोकांना सांगितलं जातं की तुम्ही जेवा, आणि ज्यांच्यासाठी काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. ‘तयार’ हा शब्द महत्त्वाचा. तयार जेवण पाठवायचं म्हटलं की हॉट बॉक्स आलाच.

बाजारात त्याच्या मुख्यतः दोन जाती. पहिली पुढून दार उघडणारी: जाड पॉलिइथिलीनच्या दोन भिंती, मधे पॉलियुरेथेन फोम, दाराला रबरी गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी) आणि खटके. आत खाचा असतात आणि त्यांत पॅन, म्हणजे अन्नाचे चौकोनी ट्रे, सरकतात. दुसरी वरून झाकणाची: एक्सपांडेड पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे ईपीपीची. दिसायला थर्माकोलसारखी, पण चिवट. १०० अंशांचा पॅन आत ठेवला तरी तिला काही होत नाही. पहिली रिकामीच दहा किलोंच्या पुढे जाते. दुसरी एका पॅनच्या मापात दीड-दोन किलोंच्या आत बसते. दोन्हींत ५३० × ३२५ मिलिमीटरचा प्रमाण मापाचा पॅन बसतो. त्याला जीएन १/१ म्हणतात. पॅनची खोली ६५, १०० किंवा १५० मिलिमीटर असते. घरपोच जेवणाला १०० चा पॅन घ्यावा. तो काठोकाठ भरला तर साधारण १३ लीटर मावतात, पण भरायचे १० च. वर दोन-अडीच सेंटिमीटर मोकळं राहिलं नाही तर पहिल्याच वळणावर रस्सा झाकणाखालून बाहेर येतो. १० लीटरमध्ये २५० मिलिलिटरचे ४० वाढप होतात.

विक्रेते सर्रास ४ तासांची हमी देतात. ती खोटी नाही. फक्त ती भरलेल्या आणि बंद डब्याची असते. जेवण वाटत फिरणारा डबा यांपैकी काहीच नसतो.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. भिंतींतून बाहेर जाणारी उष्णता डब्याच्या आकारावर आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते. आत अन्न किती उरलंय याच्याशी तिला फारसं देणंघेणं नाही. आत १० लीटर असताना तासाला ३ अंश उतरत असतील, तर २ लीटर उरल्यावर तीच गळती एक पंचमांश अन्नाला सोसावी लागते. उतार तासाला १५ अंशांच्या घरात जातो. तापलेली भिंत आणि पॅन थोडा आधार देतात, पण दर घरापाशी झाकण उघडून वाफ सोडून दिल्यावर तो आधारही उरत नाही. म्हणजे पहिल्या तीस घरी जेवण चांगलं गरम पोचतं आणि शेवटच्या आठ घरी कोमट. आणि यादीच्या शेवटी कोण असतं? बहुधा गावाबाहेरचं, एकटं राहणारं, सगळ्यांत लांबचं घर. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली तक्रार हीच होती: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. त्यावर सात जण निवडून ते काम त्यांच्याकडे सोपवलं. भाषणाने तो प्रश्न सुटला नसता.

उपाय सोपा आहे आणि तो खरेदीच्या वेळीच करायचा असतो. एक मोठा डबा घेऊ नका, दोन लहान घ्या. दुसरा डबा अर्धी घरं होईपर्यंत उघडायचाच नाही. मोठा आधीच घेऊन ठेवला असेल तर एका १/१ पॅनऐवजी दोन १/२, म्हणजे अर्ध्या मापाचे, पॅन लावा. त्याच जागेत ते शेजारी शेजारी बसतात. शेवटच्या घरांचा पॅन झाकलेलाच ठेवा, आणि पहिला रिकामा झाला की त्यात गरम पाण्याच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या ठेवून जागा भरून काढा. आणि मार्ग दर खेपेला उलटा करा, म्हणजे कोमटाची पाळी एकाच घरावर कायम येणार नाही.

डबा आधी तापवणं ही पायरी सगळ्यांत जास्त टाळली जाते. हॉट बॉक्स काहीही गरम करत नाही. तो थंड असेल तर पहिली दहा मिनिटं तो तुमच्याच अन्नातून ऊब ओढतो. पॅनमध्ये ४–५ लीटर उकळतं पाणी ओता, पॅन आत ठेवून २०–३० मिनिटं दार बंद ठेवा, मग पाणी टाका, आतली ओल झटकन पुसा आणि लगेच अन्न भरा. जाड पॉलिइथिलीनच्या डब्याला हे केलंच पाहिजे, कारण त्याची आतली भिंतच बरीच उष्णता पिते. ईपीपी हलकी असल्याने तिथे दहा मिनिटं पुरतात. अन्न भरताना ते ८० अंशांच्या आसपास हवं. चुलीवरून उतरवून ‘जरा निवू दे’ म्हणत ठेवलेलं भांडं पंधरा मिनिटांत या हिशोबातून बाद होतं.

यासाठी सुईचा थर्मामीटर लागतो, आणि तो डब्याबरोबर मिळत नाही. वेगळा घ्या. बर्फाच्या पाण्यात त्याने ० दाखवलं पाहिजे. दाखवत नसेल तर फरक कागदावर लिहून डब्यालाच चिकटवा. सुई पॅनच्या मधोमध, तळाला न टेकवता खुपसायची. कडेचा आकडा फसवतो. निघताना, मध्यावर आणि शेवटच्या घरापाशी असे तीनच आकडे लिहिले तरी दोन फेऱ्यांत कळतं की डबा कुठे हरतोय. गरम अन्नाची खालची मर्यादा देशागणिक थोडी वेगळी आहे, पण ६३ अंश धरले तर बहुतेक ठिकाणी निभतं. त्याखाली गेलेलं अन्न २ तासांच्या आत खाल्लं गेलं पाहिजे. हा नुसत्या चवीचा प्रश्न नाही. मांसाच्या दाट रश्श्यात वाढणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू ४३ ते ४७ अंशांत सगळ्यांत वेगाने वाढतो, आणि कोमट हॉट बॉक्स म्हणजे त्याला आयतं घर. भातात बॅसिलस सेरेयस असतो. त्याचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, आणि भात कोमट राहिला तर एक विष तयार होतं, जे परत गरम केल्याने जात नाही. म्हणून भाताचा पॅन नेहमी लवकर संपवायच्या बाजूला ठेवावा. जेवण ज्यांना जातं ते वयस्क, आजारी, नुकतीच बाळंत झालेली बाई. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणायची सोय इथे नाही. झाकणावर पदार्थाचं नाव, त्यात काजू-शेंगदाणे-दूध वगैरे काय आहे ते आणि भरल्याची वेळ लिहा. बरेच जण अर्धं जेवण रात्रीसाठी ठेवतात. त्यांना ते फ्रिजमध्ये ठेवायला तोंडाने सांगावं लागतं, नुसती चिठ्ठी वाचली जात नाही.

शरद ऋतूत डब्याची परीक्षा आणखी कडक होते. बाहेर २५ अंश असताना ८० अंशांच्या अन्नाशी फरक ५५ चा. थंडी उतरून बाहेर १० झाले की फरक ७० चा, म्हणजे गळती सव्वापटीहून किंचित जास्त. उन्हाळ्यात बेतलेली फेरी तशीच पानगळीत चालवली तर शेवटची दोन-तीन घरं हमखास बुडतात. डबा डिकीत उघड्या पत्र्यावर ठेवू नका, खाली जाड घोंगडी घाला. दुसरी गोष्ट पायऱ्यांची. ओल्या पानांनी झाकलेली पायरी साबण लावल्यासारखी असते आणि मोठा डबा दोन्ही हातांनी धरला की कठडा धरायला हात उरत नाही. पुढून उघडणाऱ्या डब्याबद्दल इथेच तक्रार आहे: दहा-बारा किलोंचा डबा, त्यात दहा किलो अन्न, आणि मुठी अशा की बोटांची पेरंच काय ती आत जातात. तो गाडीतच राहू द्या. दारापर्यंत एका घराचं जेवण लहान कापडी उष्णतारोधक पिशवीत न्या. यात आणखी एक फायदा आहे. मंडळीचं नाव छापलेला अवजड डबा दारात आला की शेजारपाजारच्या खिडक्या उघडतात. पिशवी घेऊन येणारा मात्र भेटीला आलेला वाटतो.

ईपीपीच्या डब्याची गोची वेगळी. झाकण नुसतं दाबून बसतं, खटका नाही. जोरात ब्रेक लागला की ते उचललं जातं. बकलचा पट्टा वेगळा घेऊन आवळावा. पॅन सरळ वर उचलावा लागतो आणि कडेला बोटं घालायला जागा तोकडी, त्यामुळे बोटं पोळतात. पॅनला उभ्या मुठी असतील तर हा त्रास वाचतो. आणि ईपीपी वास व रंग धरून ठेवते. टोमॅटोच्या रश्श्याचा लालसर डाग कितीही घासा, फिका होतो, जात नाही. स्वच्छतेला त्याने बाधा येत नाही, पण पुढच्या महिन्यात त्याच डब्यात गोड पदार्थ नेला तर वास लागतो. पॉलिइथिलीनची भिंत या बाबतीत कितीतरी सरस.

पॅनऐवजी आधीच भरलेल्या वाट्या ठेवायच्या का? वाढायला सोपं जातं आणि डबा थोडाच वेळ उघडा राहतो. पण वाटीगणिक अन्न कमी, त्यामुळे ती बाहेर काढल्यावर भराभर निवते. आणि वाफ झाकणाला लागून पाणी होऊन परत अन्नावर टपकते. भाजलेले, तळलेले पदार्थ यात मरतात. रस्सा, सूप, भात, उकडलेल्या भाज्या चालतात. कुरकुरीत काही द्यायचंच असेल तर ते डब्याबाहेर कागदी पिशवीत, गरम नाही असं सांगूनच द्यावं. गरम अन्न गच्च बंद केलं की आतली हवा निवताना आकसते आणि दार ओढून धरल्यासारखं घट्ट होतं. चांगल्या डब्याला वाफेची छोटी टोपी असते. उघडण्याआधी ती सैल करा, नाहीतर जोर लावताना डबाच घसरतो.

आता वेळेचं. जेवण नेणाऱ्याने दोन शब्द बोलावेत, विचारपूस करावी, सांगितलं तर प्रार्थना करावी. त्यासाठीच तर जायचं. घरामागे १० मिनिटं आणि पुढच्या घरापर्यंत ५ मिनिटं धरली तर ८ घरांना पुरते २ तास लागतात. ही एका लहान डब्याची प्रामाणिक मर्यादा. ४० वाढपांचा पॅन आहे म्हणून ४० घरं एका गाडीला द्यायची नसतात. डबे आणि गाड्या वाढवा, गप्पा कापू नका. माणसं जोडीने पाठवा: एकाने वाढायचं आणि डबा लगेच बंद करायचा, दुसऱ्याने आत जाऊन बसायचं. दोन्ही कामं एकाकडे दिली की डबा उघडा राहतो किंवा म्हातारीचं बोलणं अर्धवट तुटतं. घरात दिलेली भांडी परत मागू नयेत, टाकून देता येतील अशीच असावीत. भांडं घासून परत द्यायचं ओझं आपण कुणावर का टाकावं?

धुण्याबद्दल थोडक्यात. गॅस्केट दर वेळी काढून खाच पुसा, तिथे तेलाचा चिकटा साचतो. अतिउष्ण वाफेचा झोत रबरावर मारू नका, ते कडक होतं. वाळल्यावर दार फटीएवढं उघडं ठेवूनच ठेवा. डबे सगळ्यांत जास्त खराब होतात ते इथे: सणाला एकदा वापरले, घाईत ओले बंद केले आणि अकरा महिन्यांनी उघडले तर गॅस्केटवर काळी बुरशी आणि आत असा वास की वर्षभराची उपकारस्तुती आठवायला नको. वर्षातून एकदाच लागणार असेल तर खरेदी नकोच, शेजारच्या मंडळीकडून मागून आणा. महिन्यातून दोन फेऱ्या असतील तर ईपीपीचे दोन डबे पुरेत. दर आठवड्याला वीसेक घरं असतील तर पुढून उघडणारा घ्या, त्याची भिंत वर्षानुवर्षं टिकते.

दुकानात जाताना आपला पॅन आणि कागदाची एक पट्टी बरोबर न्या. पॅन खाचेत शेवटपर्यंत न अडकता सरकतो का बघा. मग पट्टी दाराच्या फटीत धरून खटका लावा आणि ओढा. चारही बाजूंना ती अडली पाहिजे. बिजागरीकडच्या वरच्या कोपऱ्यात ती सुळकन निघाली, तर दुकानदार काहीही म्हणो, तो डबा परत करा.