ड्रॉप-इन फिट म्हणे! एअर रायफलच्या अक्रोडी स्टॉकचा पावसाळाभर वापरून आलेला अनुभव

काल सेलरचा मेसेज आला, "सर, स्प्रिंगर में स्क्रू लूज होना नॉर्मल है, टाइट कर लीजिए." खाली कंप्लेंट क्लोज्ड, आणि त्याच्याही खाली पाच चांदण्यांची पट्टी, रेटिंग द्या म्हणून. म्हटलं देतो की रेटिंग, पण जरा सविस्तर देतो.

रायफलचं पुराण लावत नाही. तीच आपली ब्रेक बॅरल स्प्रिंगर (नळी वाकवून आतली स्प्रिंग दाबायची ती), .१७७, लायसन न लागणारी (४.५ मिमी बोअर, २० ज्यूलच्या आतली, पण म्हणून खांद्याला लावून बाजारात फिरायचं नसतं हे भाच्याला दर रविवारी सांगावं लागतं). कंपनीचा मूळ लाकडी स्टॉक, म्हणजे रायफलचा दस्ता, ट्रिगरच्या मागं, मूठ धरतो तिथं तडकला. भाच्याच्या हातनं गच्चीवर आडवी पडली, एवढंच निमित्त. तडा बघितला तर लाकडाचा ग्रेन (धाग्यांची रेघ) तिथं पार तिरका बाहेर गेलेला, म्हणजे आज ना उद्या तुटणारच होता. २०२४ ला पॅरिसात आमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं ब्राँझ मारलं तेव्हापासून ह्या पोराला वेड लागलंय. ती ५० मीटरची थ्री पोझिशन, .२२ ची काडतुसाची रायफल, आणि आपण गच्चीवर १० मीटरवरनं पेलेट (छर्रे) मारतोय, हा फरक त्याला काही पटत नाही. असो.

अक्षय्य तृतीयेला ऑर्डर टाकली. ६,४०० रुपये, कुरिअर वेगळं. लिस्टिंगमध्ये तीन गोष्टी ठळक अक्षरात होत्या, काश्मिरी अक्रोड, हँड फिनिश्ड, ड्रॉप-इन फिट. ड्रॉप-इन म्हणजे जुना काढा, नवा बसवा, स्क्रू आवळा आणि चहा प्या.

पॅकिंग एक नंबर होतं, उगाच खोटं कशाला बोला. मुठीपाशी ग्रेन सरळ लांबीच्या दिशेनं जाणारा, पहिलं तेच बघितलं आणि बरं वाटलं. चेकरिंग (पकडीसाठी कोरलेल्या चौकड्या) मशीनचं पण स्वच्छ. मग बॉक्स उलटा केला, थर्माकोल झटकला, बिलाचा कागदसुद्धा झटकला. वॉशर नाहीत.

आता ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कंटाळा आला तर खाली सरका.

स्प्रिंगरमध्ये ट्रिगर दाबला की पिस्टन पुढं सुटतो, त्यानं रायफल आधी मागं येते, आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी दाबलेल्या हवेवर जाऊन आदळला की रायफल पुढं झटका खाते. दोन्ही बाजूंचे दणके, पापणी लवायच्या आत, आणि ते सगळे खायचे कुणी तर पुढच्या दोन साइड स्क्रूंनी आणि ट्रिगर गार्डच्या स्क्रूनं. स्क्रूचं डोकं थेट लाकडावर बसलं तर लाकूड दबतं, दबलं की स्क्रू ढिला, ढिला झाला की आपण आवळतो, आवळला की लाकूड आणखी दबतं, असं करत करत डोकं लाकडात घुसतं आणि एक दिवस तिथनंच चीर जाते. म्हणून तिथं खोलगट मेटलचा कप वॉशर लागतो, दाब पसरवायला. जुन्या स्टॉकचे वॉशर कारखान्यातच ठोकून बसवलेले, काढायला गेलं की टवके घेऊन बाहेर येतात, माझा एक तर वाकडाच झाला. म्हणजे नव्या स्टॉकबरोबर नवे देणं आलंच की नाही? ६,४०० घेणाऱ्याला दोन वॉशरचा काय खर्च येतो ते मला सांगू नका, मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर उभा असतो, भंगारातला पितळी रॉडचा तुकडा आणि चहा गार व्हायच्या आत होणारं काम आहे ते.

फोन लावला. "सर, पुराने वाले यूज कर लीजिए." वाकड्या वॉशरचा फोटो पाठवला. "सर, हार्डवेअर में मिल जाएगा." गणपती पेठेत हार्डवेअरची दुकानं पालथी घातली, सगळीकडं चपटे वॉशर, एकानं तर पंख्याच्या बोल्टचा काढून हातात दिला आणि वर म्हणतोय, "चालतंय की ओ, कोण बघतंय." अरे मी बघतोय की! शेवटी स्वतःच काढले पितळेचे, स्क्रूच्या डोक्याला जुळणारा तिरपा सीट देऊन. दिसायला कंपनीच्यापेक्षा भारी दिसतात हे वेगळं, पण काम सेलरचं होतं.

बरं, वॉशर झाले, आता फिट. ॲक्शन (नळी, सिलिंडर, ट्रिगरचा सगळा धातूचा भाग) स्टॉकच्या खाचेत बसवायला गेलो तर मागच्या बाजूला बसली आणि पुढं उचलून राहिली. साइड स्क्रूचं डावं होल बरोबर, उजवं व्हर्नियरनं मोजलं तर दीड मिमी मागं. ओळखीचे सुतार मिस्त्री म्हणाले, "ठेवून जा, ग्राइंडर मारून मोकळं करून देतो." ग्राइंडर! स्टॉक उचलला आणि घरी आलो.

खाच कुठं अडते ते डोळ्याला दिसत नाही. मोठे गनस्मिथ त्यासाठी निळी पेस्ट वापरतात, आमच्याकडं आईनं समईच्या ज्योतीवर ताटली धरून काजळी जमवून दिली आणि ती खोबरेलात कालवली. ॲक्शनच्या पोटाला बोटानं पातळ फासायची, सरळ खाली दाबायची, सरळ वर उचलायची. लाकडावर जिथं काळा ठिपका उठला तिथंच अडतंय, तेवढंच खरवडायचं, परत फासायचं, परत दाबायचं. पटाशीपेक्षा फुटक्या काचेच्या धारेनं जास्त चांगलं निघतं, कागदासारखा पातळ पापुद्रा येतो आणि हाताला कळतं किती गेलं. सुरुवातीला दोन-तीनच ठिपके होते, जसजसं बसत गेलं तसतसे ठिपके वाढत गेले, आणि शेवटी खाचेचा तळ सगळीकडं सारखा करडा उठला तेव्हा कळालं की आता बसली. ह्याला घाई चालत नाही, लाकूड काढता येतं, लावता येत नाही. बायकोच्या मते मी त्या दिवसांत जेवतानासुद्धा नखातली काजळी बघत होतो.

उजवं होल नुसतं मोठं करून भागणार नव्हतं, स्क्रू हलला असता. मोठं ड्रिल मारून त्यात पितळी बुश (छोटी नळी) अराल्डाइटनं बसवलं, ॲक्शन जागेवर ठेवून, धातूला मेणाचं पॉलिश लावून, म्हणजे रायफलच चिकटून बसायला नको. एक बाजू केली तर दुसरी का सोडा म्हणून डावीकडं पण बसवलं. आता स्क्रूचा दाब लाकडावर येतच नाही, बुशवर येतो.

हे करताना आतलं लाकूड उघडं पडलं आणि डोकं परत फिरलं. बाहेरनं गडद चॉकलेटी, आतनं फिक्कट, पिवळट पांढरं. म्हटलं गंडवलं, आंब्याच्या लाकडाला रंग देऊन अक्रोड म्हणून गळ्यात मारलं. तसा मेसेजपण टाकला सेलरला, चांगल्या कडक शब्दांत.

मिरजेत सतारमेकर गल्लीत एक चाचा ओळखीचे आहेत, आमच्या एमआयडीसीतल्या एका कामगाराच्या नात्यातले. (मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा सगळ्यांना कळालं, पण तिथं पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय.) लाकडातलं कळणारा माणूस म्हणून स्टॉक पेपरात गुंडाळून बसनं घेऊन गेलो, नुसता स्टॉक, रायफल घरीच. शेजारचे काका मिरज येईपर्यंत विचारत होते, हॉकीचं काय म्हणून. चाचांनी तो हातात घेतला, बोटाच्या पेरानं वाजवला, खाचेतलं लाकूड नखानं कुरतडलं, वास घेतला.

"अक्रोडच हाय. पर गाभ्याचं न्हवं, सालीकडचं लाकूड हाय ह्ये. सालीकडचं पांढरंच असतंय, वरनं काळं केलंय फक्त."

म्हणजे सेलर लाकडाबद्दल खोटं बोलला नव्हता, अर्धवट खरं बोलला होता. आंब्याचा आरोप मी इथं मागं घेतो, रंगाचा नाही. सालीकडचं लाकूड रंगवून विकताय तर तसं लिहा की.

मी विचारलं, चाचा, तुमचंच लाखेचं पॉलिश मारून देता का, तंबोऱ्यासारखी चमक येईल. तर ते हसायला लागले. "तंबोरा गवसणीत ऱ्हातोय बाबा. तुझ्या बंदुकीला घामाचा हात लागणार, पावसाचा थेंब पडणार, पांढरं डाग उठतील सगळं. तेल लाव तिला." लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून मारतात ते पॉलिश दिसायला राजेशाही, पण पाणी साचलं की पांढरं पडतं हे खरं आहे. पैसे काही घेतले नाहीत, उलट चहा पाजला.

तेलाचं ऐका. जवसाचं तेल म्हटलं की लोक घाण्यावरनं खायचं तेल आणतात. ते वाळत नाही हो लवकर, आठवडे जातात. हार्डवेअरमध्ये डबल बॉइल्ड लिनसीड मिळतं, त्यात वाळायचं औषध घातलेलं असतं, ते आणा. सेलरचं ते हँड फिनिश १८० च्या पॉलिश पेपरनं उतरवलं, मग २४०, मग ३२०, प्रत्येक वेळी ग्रेनच्या दिशेनं. ओल्या फडक्यानं लाकूड पुसलं की बारीक लव उभी राहते, ती वाळली की परत पेपर, लव उठायची थांबेपर्यंत. पहिला हात टर्पेंटाइन निम्मं घालून, म्हणजे आत शिरतं. पुढचे हात अगदी पातळ, लावायचं आणि थोड्या वेळानं सगळं पुसून काढायचं. चेकरिंगच्या चौकटीत तेल साठून डिंक होतो, तिथं जुना टूथब्रश फिरवत राहायचं.

आणि एक, चेष्टा नाही. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं, बोळ्यात उष्णता कोंडली की आपोआप पेट घेतं. एकेक फडकं पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

जुलैत मी ह्या तेलाला मनसोक्त शिव्या दिल्या. सांगलीची दमट हवा, हात लावला की चिकट, बोटाचे ठसे, त्यावर धूळ. तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर सरळ पीयू (पॉलियुरेथेन) स्प्रे मारा असं लिहिलं असतं. ऑक्टोबरचं ऊन लागलं आणि मत बदललं. चकचकीत नाही, पण हाताला गुळगुळीत, मुठीत उबदार, आणि ओरखडा गेला तर तेवढ्याच जागी तेलाचं बोट फिरवायचं. पीयूला असलं काही जमत नाही.

पण सेलरचा खरा आळशीपणा आतल्या बाजूला होता. बाहेरनं रंग, पॉलिश, आणि आत ॲक्शनच्या खाचेत तेलाचा थेंब नाही, कोरडं ठणठणीत. बटच्या (खांद्याला टेकतो त्या मागच्या भागाच्या) टोकाला रबर पॅडखाली पण तेच. लाकूड हवेतलं पाणी तिथनं पितं, फुगतं, आणि ॲक्शनवरचा दाब बदलतो. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा फुगलेली आमच्या तळमजल्याची दारं आजही पावसाळ्यात घासतात, आम्हाला नका शिकवू लाकूड पाणी पिऊन काय करतं ते. आतनं, बटखालनं, होलच्या आतनं, सगळीकडं तेलाचे हात दिले. पॅड काढलाच होता तर भाच्याच्या हाताला जमेल असं बट पाऊण इंच कापून घेतलं, ते आधीच लांब होतं.

आता मारताना कशी आहे? छान आहे, काय सांगू. पुढचा भाग रुंद आहे, त्यामुळं उघड्या तळव्यावर अलगद टेकते, आणि स्प्रिंगरला तेच पाहिजे, घट्ट आवळून धरली की दरवेळी वेगळी उडते. जुन्या स्टॉकवर १० मीटरवर पेलेट विखरून जायचे, आता बरेचसे एकमेकांना खेटून बसतात. पावसाळा गेला, थंडी सुरू झाली, साइटला (नेम धरायच्या खुणेला) हात लावावा लागला नाही. स्क्रूला निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद, लावलंय, थेंबभर (लाल लावू नका, ते उघडायला तापवावं लागतं आणि शेजारी लाकूड आहे). दिवाळीनंतर एकदा पाना लावून बघितला, जागचे हलले नाहीत.

मग कालची कंप्लेंट कशाची, असं विचाराल. वॉशरची! मे महिन्यापासून एवढंच म्हणतोय की वॉशर पाठवा, आणि ते मला स्क्रू आवळायला शिकवतायत.

तीन चांदण्या. लाकडाला आणि ग्रेनला चार, चेकरिंगला चार, फिटिंगला एक, वॉशरला शून्य, हिशोब तुम्ही लावा. घ्यायचा असेल तर ऑर्डरच्या आधी मुठीपाशी ग्रेन दिसेल असा फोटो मागा आणि आतल्या खाचेचा दुसरा मागा. वॉशर मात्र मागत बसू नका, देत नाहीत. कुणाला पाहिजे असतील तर मॉडेल सांगा आणि स्क्रूच्या डोक्याचं माप व्हर्नियरनं घेऊन पाठवा, पट्टीनं नको. पितळेचे काढून देतो. पैसे नकोत, कुरिअर तेवढं तुमच्याकडं.