मुरगळलेल्या घोट्यासाठी थेराबँड: पट्टा उत्तम, पण रंगावर विसंबू नका

कबड्डीत पकड सुटताना, खो-खोत खांबाला वळसा घालताना किंवा गडावरून उतरताना सैल दगडावर पाय पडला की बहुतेक वेळा घोटा आतल्या बाजूला वळतो. त्यात घोट्याच्या बाहेरच्या अंगाचं लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडाशी जोडणारं चिवट बंधन, ताणलं किंवा फाटलं जातं. सूज उतरली, चालता यायला लागलं, की माणूस थेट मैदानात जातो आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो. मधला ताकदीचा टप्पा गाळला जातो. थेराबँडचा सपाट रबरी पट्टा याच टप्प्यासाठी आहे. या कामात त्याला आमचे पूर्ण गुण. मात्र पट्ट्यानं सगळं भागेल असं समजून तो घेणार असाल, तर पुढचं नीट वाचा.

आधी हाड मोडलेलं नाही ना, हे पाहायचं. कॅनडातल्या ओटावा इथे १९९२ मध्ये मांडलेले साधे नियम आजही उपयोगी पडतात. दोन्हीपैकी कुठल्याही घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटीमीटरच्या भागात किंवा टोकावर दाबलं की दुखत असेल, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावर करंगळीच्या रेषेत जो उंचवटा असतो तिथे दुखत असेल, आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर पट्टा बाजूला ठेवा आणि एक्स-रे काढा. आंबेहळदीचा लेप हलक्या हातानं लावायला हरकत नाही. पहिले दोन-तीन दिवस घोटा चोळून मात्र घेऊ नका. आत रक्त साकळत असताना जोरात मालिश केलं की सूज वाढते आणि पुढचं सगळं लांबतं.

आता पट्टा. ओहायोच्या ॲक्रन शहरातल्या हायजेनिक कंपनीनं १९७८ मध्ये हा बाजारात आणला. नैसर्गिक लेटेक्सचा, साधारण बारा-तेरा सेंटीमीटर रुंद. दीड मीटरचे कापलेले तुकडे मिळतात, साडेपाच मीटरचा रोल मिळतो, आणि फिजिओंच्या दवाखान्यात ४५ मीटरच्या मोठ्या रोलमधून हवा तेवढा कापून देतात. पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा, चंदेरी, सोनेरी असा चढता क्रम. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे पट्टा मूळ लांबीच्या दुप्पट ताणला की पिवळ्याचा ओढा सुमारे १.३ किलो, लालचा १.७, हिरव्याचा २.१, निळ्याचा २.६, काळ्याचा ३.३, चंदेरीचा ४.६ आणि सोनेरीचा ६.५ किलो. काळ्यापर्यंत प्रत्येक पायरी साधारण पाव पटीनं वाढते, पुढच्या दोन पायऱ्या मोठ्या आहेत. मापातली ही शिस्त हेच या पट्ट्याचं मोठेपण. इतर कंपन्यांचे रंग या क्रमाशी जुळतीलच असं नाही. एकीचा लाल दुसरीच्या निळ्याइतका कडक असू शकतो, म्हणून मधेच कंपनी बदलू नका.

याच तक्त्यातली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. लाल पट्टा तिप्पट लांबीपर्यंत ताणला की त्याचा ओढा २.५ किलो होतो, म्हणजे दुप्पट ताणलेल्या हिरव्यापेक्षा जास्त. पट्टा मूळ लांबीच्या किती पट ताणलाय यावर ओढा ठरतो, नुसत्या रंगावर नाही. घोट्याच्या व्यायामात हे फार महत्त्वाचं, कारण पाऊल हलून हलून दहा-बारा सेंटीमीटर हलतं. ६० सेंटीमीटरचा तुकडा आधीच ९० वर ताणून बसलात आणि पाऊल दहा सेंटीमीटर हललं, तर ताण ५० टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर जातो. तोच तुकडा सैल धरून सुरुवात केली तर शेवटी जेमतेम १७ टक्के, म्हणजे व्यायाम नावापुरताच. म्हणून बसण्याची जागा पक्की करा आणि जमिनीवर खडूनं किंवा चिकटपट्टीनं खूण करा. रोज त्याच खुणेवर बसलात तरच कालच्यापेक्षा आज जास्त झालं की कमी, ते कळेल.

सगळ्यांत महत्त्वाचा व्यायाम पाऊल बाहेर वळवण्याचा, कारण घोटा आत वळू न देणारे स्नायू नडगीच्या बाहेरच्या बाजूला असतात आणि मुरगळल्यावर तेच ढिले पडतात. जमिनीवर पाय लांब करून बसा. पोटरीच्या खालच्या भागाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, म्हणजे टाच अधांतरी राहील. पट्ट्याचा फास चवड्याभोवती, बोटांच्या मुळाशी. दुसरं टोक दुखऱ्या पायाच्या आतल्या बाजूला पलंगाच्या पायाला बांधा. पाऊल नडगीशी काटकोनात ठेवून करंगळीची कड बाहेर न्या: जाताना दोन सेकंद, परत येताना चार. दहा ते पंधरा वेळा, असे तीन सेट, मधे एक मिनिट विश्रांती.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, पाऊल वळायच्या ऐवजी मांडीपासून सगळा पायच बाहेर फिरतो. बघणाऱ्याला व्यायाम झकास वाटतो, पण काम कमरेच्या सांध्याचं होतं. गुडघ्याच्या वाटीकडे लक्ष ठेवा, ती सतत छताकडेच असायला हवी. दुसरी चूक जास्त धोक्याची. परत येताना पट्टा पाऊल आत खेचतो, म्हणजे ज्या दिशेनं लिगामेंट फाटलं त्याच दिशेनं. सुरुवातीच्या आठवड्यांत पाऊल मध्यावर आलं की थांबायचं, पलीकडे जाऊ द्यायचं नाही. पाऊल खाली झुकलेलं असताना आत खेचलं जाणं सर्वांत वाईट, काटकोनाचा आग्रह त्यासाठीच. मध्यावर थांबवता येत नसेल तर पट्टा जड आहे. एक रंग खाली या, किंवा काही दिवस पाऊल न हलवता नुसती करंगळीची कड भिंतीवर पाच-पाच सेकंद दाबा.

पाऊल वर ओढण्यासाठी पट्टा समोर टेबलाच्या पायाला बांधा. खाली दाबण्यासाठी चवड्याखालून घेऊन दोन्ही टोकं हातात धरा. आत वळवण्याचा व्यायाम सगळ्यांत शेवटी. दुखणं दहापैकी तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली नसली, तर मात्रा बरोबर. लागोपाठ दोनदा पंधराचे तीनही सेट थरथर न होता जमले, की आधी ताण वाढवा, मगच रंग बदला.

पोटरीच्या बाबतीत मात्र हा पट्टा फार लवकर तोकडा पडतो. सत्तर किलोचा खेळाडू एका पायावर टाच उचलतो तेव्हा पोटरी अख्ख्या शरीराचं वजन पेलत असते. त्यापुढे सोनेरी पट्ट्याचे साडेसहा किलो म्हणजे काहीच नाही. दुखणं न होता उभं राहता आलं, की पोटरीसाठी पट्टा सोडून द्या आणि पायरीच्या कडेवर टाचा उचला. आधी दोन्ही पायांवर, मग एकावर. दोन्ही पाय सारखे होईपर्यंत, वीस-पंचवीस वेळांच्या आसपास. सोनेरी पट्टा लावून पोटरी ‘मजबूत’ करणारे पाहिले की वाईट वाटतं. मेहनत खरी असते आणि मैदानावर तिचा उपयोग होत नाही.

तोलाचंही तसंच. बसून कितीही पट्टा ओढला तरी घोट्याचा तोल परत येत नाही. तरीही शेवटच्या टप्प्यात पट्ट्याचा एक फार चांगला उपयोग आहे. पट्टा चांगल्या पायाच्या घोट्याला बांधा, दुखऱ्या पायावर अनवाणी उभे राहा, गुडघा किंचित वाकवा, आणि चांगला पाय पुढे, मागे, आत, बाहेर असा प्रत्येक दिशेला पंधरा वेळा न्या. हलतो चांगला पाय, पण सावरायचं सगळं काम दुखरा घोटा करतो. त्याआधी त्या पायावर डोळे उघडे ठेवून तीस सेकंद स्थिर उभं राहता यायला हवं. खेळायला उतरताना पहिले काही महिने लेसवाला ब्रेस, म्हणजे नाडीनं आवळायचा घोट्याचा आधार, घाला. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळू नये यासाठी त्याचा उपयोग होतो. क्रेप बँडेज खेळताना लवकरच सैल होतं, त्यावर विसंबू नये.

पट्ट्याचा सगळ्यांत मोठा शत्रू आपल्या घरातच असतो, वेदनाशामक तेल आणि मलम. तेलानं लेटेक्स खराब होतं, म्हणून पाय धुऊन-पुसूनच पट्टा लावा. उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. घामानं चिकट झाला तर सौम्य साबणाच्या पाण्यानं धुवा, सावलीत पसरून वाळवा, थोडी टाल्कम पावडर चोळा. वापरण्याआधी उजेडासमोर धरून कडेची चीर, बारीक भोकं बघा. दिसली तर तो तुकडा टाकून द्या, गाठ मारून चालवू नका. तुटलेला पट्टा डोळ्यावर येतो, तिप्पट लांबीच्या पुढे न ताणायचं कारण तेच. टोक दारात अडकवायचं असेल तर गाठ दाराच्या पलीकडे ठेवा, आणि ओढल्यावर दार घट्ट बंद होईल त्याच बाजूला बसा.

विकत घेताना सात रंगांचा संच घेऊ नका. बहुतेकांना दीड मीटरचा एक लाल आणि एक हिरवा तुकडा पुरतो. अंगानं बारीक किंवा वयानं मोठ्यांनी पिवळा आणि लाल घ्यावा. हँडलवाली नळी पावलावरून घसरते आणि एकाच रेषेत रुतते, कापडी जाड वर्तुळं मांड्यांसाठी असतात. दोन्ही या कामाच्या नाहीत. हातमोजे किंवा फुगे हाताळल्यावर खाज येत असेल, तर याच कंपनीचा लेटेक्स नसलेला पट्टा मिळतो, तोच मागून घ्या.