कॉर्न स्नेकच्या पिल्लाला जिवंत उंदीर की गोठवलेला?

शाहूपुरीतल्या भाच्यानं कॉर्न स्नेकचं (अमेरिकेतला बिनविषारी साप) पिल्लू आणलंय. आठ दिवस झाले, तोंड उघडत नाही. "मामा, जिवंत देऊ की फ्रीजरमधला?" (आपल्याकडचा देशी साप पाळणं १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे त्याला आधीच बजावलंय.)

खाण्याची ओढ बघितली तर उंदराचं जिवंत पिल्लू सरस. हालचाल आणि ऊब दिसली की साप झेपावतो. पण धोकाही तिथंच. डोळे न उघडलेलं गुलाबी पिल्लू काही करत नाही, केसाळ मोठा उंदीर मात्र सापालाच चावतो. शिवाय दर आठवड्याला ताजं शोधायची धावपळ.

गोठवलेलं एकदाच आणून ठेवता येतं. फक्त मटणाशेजारी ठेवलंत तर वहिनी घराबाहेर काढतील. रात्रभर फ्रीजमध्ये वितळवा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात. मायक्रोवेव्ह नको, फुटतं. चिमट्यानं किंचित हलवा. जाडी सापाच्या जाडीएवढीच.

सापाचं पिल्लू नुकतंच आणलेलं, अंगानं भरलेलं असेल तर आठवडाभर हात लावू नका, मग गोठवलेलंच द्या. पेटीची एक बाजू अठ्ठावीस-तीस अंश हवी. थंडीत पोट चालत नाही. वारंवार नाकारून वाळत चाललं, तरच गुलाबी जिवंत, तेही डॉक्टरांना दाखवून.