झ्विफ्टवरच्या शर्यती : माझ्या तोडीचा कुणीतरी, रोज रात्री

झ्विफ्ट म्हणजे घरातल्या घरात सायकल चालवायचं ॲप : सायकल ट्रेनर नावाच्या यंत्रावर बसवायची, आपण पायडल मारू तसा पडद्यावरचा आपला स्वार इंटरनेटवरून जोडलेल्या इतरांसोबत धावतो. त्याची वर्गणी मी भरते ती शर्यतींसाठी. त्यातला ज्वालामुखी, समुद्राखालचा काचेचा बोगदा, जंगलातल्या वाटा हे सगळं छान आहे. आखून दिलेले सरावही चांगले आहेत, पण सराव दुसरीकडेही मिळतात. रात्री साडेनऊला, घरातलं सगळं आवरल्यावर, माझ्याच ताकदीची पन्नास-साठ माणसं सुरुवातीच्या रेषेवर उभी असतात आणि त्यांना मला मागे टाकायचं असतं. हे मला दुसरीकडे कुठेच मिळालं नाही. म्हणून हे परीक्षण फक्त शर्यतींचं आहे.

मी पन्नाशीला टेकलेली, दिवसभर हिशेबतपासणी करणारी बाई आहे. शाळा-कॉलेजात कुठलाच खेळ खेळले नाही. सायकल चाळिशीनंतर हाती आली, आधी तब्येतीसाठी, मग आवड म्हणून. शर्यती त्याच्याही नंतर. सायकल चालवते म्हटलं की लोक कौतुक करतात. शर्यतीत उतरते म्हटलं की विचारतात, कशासाठी? बक्षीस नाही, बघायला कुणी नाही, उद्या सकाळी ऑफिस आहे, मग जीव काढायचा कशाला? नवऱ्यानंही हे विचारलंय, अगदी काळजीनं.

माझं उत्तर असं : एकटीनं चालवताना मी जिथे थांबते, तिथे माझी ताकद संपलेली नसते. वीस मिनिटांच्या चाचणीत शेवटच्या पाच मिनिटांत वॅटचा, म्हणजे पायांनी लावलेल्या ताकदीचा, आकडा घसरायला लागतो आणि मी तो घसरू देते. पाय तेच, ट्रेनर तोच, खोली तीच. पण शर्यतीत चढावर पुढच्याचं चाक दोन सेकंद लांब गेलेलं दिसलं की तोच आकडा परत वर जातो. आपल्यात हे शिल्लक होतं, हे कळण्याचा आनंद मला दुसऱ्या कशातून मिळालेला नाही. पहिल्या नंबराशी त्याचा काही संबंध नाही. मी चाळिसावी आले त्या रात्रीही तो मिळाला आहे.

हा अनुभव काही माझ्या एकटीचा नाही. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सायकल शर्यतींच्या नोंदी चाळल्या, तेव्हा एकट्यानं घड्याळाविरुद्ध धावणाऱ्यांपेक्षा सोबतीनं किंवा चुरशीनं धावणारे वेगवान असल्याचं त्याला दिसलं. त्याचा निबंध १८९८चा. पुढे त्यानं ४० मुलांना मासेमारीचं रीळ फिरवायला दिलं, कधी एकेकट्याला, कधी जोडीनं. जोडीत २० मुलं जास्त वेगानं फिरवू लागली, १० जणांना फारसा फरक पडला नाही आणि १० जण चक्क मंदावली, कारण चुरशीनं ती गडबडून गेली. त्या शेवटच्या दहांना विसरू नये. झ्विफ्टवरची शर्यत सगळ्यांसाठी नाही, आणि ज्यांना ती सोसत नाही त्यांच्यात काही कमी आहे असंही नाही.

आता प्रत्यक्ष शर्यत कशी असते ते सांगते. सुरुवात अतिशय क्रूर आहे. रस्त्यावरच्या शर्यतीत घोळका सावकाश वेग पकडतो, कधीकधी पहिले काही किलोमीटर गप्पांतही जातात. इथे शून्य झालं की सगळे एकदम तुटून पडतात. घड्याळ थांबायच्या आधीच पाय फिरते हवेत आणि पहिल्या दोन मिनिटांत आपल्या नेहमीच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त ओतावी लागते. ती ओतली नाही तर पुढचा घोळका निघून जातो, मग तासभर धडपडलं तरी हाती लागत नाही. घोळक्यात राहिलात तर मात्र पुढच्यांच्या आडोशाचा फायदा खराखुरा मिळतो. खऱ्या रस्त्यावर हा आडोसा किती मोठा असतो ते बर्ट ब्लोकेन यांच्या गटानं २०१८ साली १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याची प्रतिकृती घेऊन संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात मोजलं होतं : अगदी आतल्या स्वाराला एकट्याच्या तुलनेत जेमतेम ५ ते १० टक्के हवेचा विरोध सोसावा लागतो. झ्विफ्टचं गणित एवढं उदार नाही, पण डावपेच शिकवायला पुरेसं आहे. चढाच्या आधी घोळक्यात पुढे सरकायचं, चढावर हळूहळू मागे येत राहायचं, माथ्यावर शेवटच्या चाकाला चिकटून राहायचं. हे मी इथेच शिकले.

मध्येच हातात येणाऱ्या ‘पॉवर-अप’बद्दल माझं मत पूर्ण चांगलं नाही. पिसाचं चित्र आलं की काही सेकंद वजन कमी धरलं जातं, हेल्मेटचं आलं की हवेचा विरोध कमी होतो. काहींना यात मजा वाटते. मला ते नसलेल्या शर्यती जास्त आवडतात, आणि तशा शर्यती भरपूर असतात.

पण या सेवेचं खरं मोल गटवारीत आहे. पूर्वी गट मुख्यतः वजनाच्या दर किलोमागे किती वॅट यावर पडत. २०२४पासून ० ते १००० पर्यंतचा रेसिंग स्कोअर आला आणि निकालांप्रमाणे तो वरखाली होऊ लागला. आपल्या मोजपट्टीत आपल्याच आगेमागे असलेली माणसं भेटतात. हे महत्त्वाचं का? रस्त्यावरच्या हौशी शर्यतींत माझ्या वयोगटात बायका इतक्या कमी असतात की पहिल्या चढानंतर मी एकटीच उरते. पुढचीला गाठता येत नाही, मागची दिसत नाही. मग पदक मिळतं, पण शर्यत होत नाही. मला पदक नको होतं, शर्यत हवी होती. झ्विफ्टवरही फक्त बायकांच्या शर्यतींना काही वेळांना गर्दी कमीच असते. मिश्र शर्यतीत मात्र माझ्या तोडीचा कुणीतरी असतोच, आणि तो बाप्या आहे की बाई, विशीतला की साठीतला, याचा त्या तासाभरात काही फरक पडत नाही.

या सगळ्याला एक धोका आहे. एडवर्ड डेसी आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली एक प्रयोग छापला. काही जणांना कोडं नुसतं लवकर सोडवायला सांगितलं, काहींना शेजारच्याला हरवायला. नंतर मोकळा वेळ दिला तेव्हा हरवायला निघालेली माणसं त्या कोड्याकडे कमी वळली. मी हे माझ्या रविवारच्या सायकल-सोबत्यांत पाहिलं आहे. निव्वळ क्रमांकासाठी धावणारा एक उमदा मुलगा गट वर गेल्यावर मागे पडू लागला आणि मग सायकलच विकून मोकळा झाला. झ्विफ्ट आकडे, बिल्ले, आलेख सतत डोळ्यांपुढे नाचवतं. ते आवरतं घेणं ज्याचं त्यानंच करायचं.

न्यायाचा प्रश्नही आहेच. वजन आपण स्वतः भरायचं असतं, त्यामुळे चार किलो कमी लिहिणारा चढावर हलका होतो. ट्रेनरची अचूकताही सारखी नसते : काही १ टक्क्याच्या आत, काही २.५ टक्क्यांपर्यंत. मोठ्या स्पर्धांत वजनाचे व्हिडिओ, दोन वेगळ्या यंत्रांवरच्या वॅटच्या नोंदी मागतात. आमच्या रात्रीच्या शर्यतींत विश्वासावर चालतं. मला ते चालतं, कारण माझी लढत माझ्या पुढच्या चाकाशी आहे. ज्याला निकालाची कागदोपत्री खात्री हवी, त्यानं रस्त्यावर जावं.

पडद्यावरची ताकद खोटी असते, असं अजूनही ऐकू येतं. २०२० साली यूसीआयची, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाची, पहिली ई-सायकलिंग जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झ्विफ्टवरच झाली. त्यात पुरुषांची शर्यत जिंकली जेसन ऑस्बोर्ननं, जो मुळात जर्मनीचा नौकानयनपटू. पुढच्याच वर्षी टोकियोत त्यानं वल्ही मारून ऑलिंपिकचं रौप्य मिळवलं. जे व्हाइन हा सायकलपटू झ्विफ्ट अकॅडमी या झ्विफ्टच्याच निवड-कार्यक्रमातून व्यावसायिक संघात गेला आणि २०२२च्या व्हुएल्टात, म्हणजे स्पेनच्या तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यतीत, त्यानं दोन टप्पे जिंकले. ताकद खरीच आहे. इथे मिळत नाही ती हिंमत. वळणावर कोपराला कोपर लागणं, ओल्या उतारावर ब्रेक सोडून देणं, पुढचा पडला तर वाट काढणं यातलं काहीही इथे शिकता येत नाही. फक्त झ्विफ्टवर तयार झालेल्या कुणी थेट मोठ्या घोळक्यात उतरू नये, हे मी मनापासून सांगते.

सामानाचं थोडक्यात : वॅट मोजणारा ट्रेनर हवाच, आणि एक दणकट पंखा. बंद खोलीत अंगावर वारा नसतो, त्यामुळे पाय थकण्याआधी उष्णताच आपल्याला हरवते. ट्रेनरखाली जाड रबरी चटई घाला, नाहीतर घरघर भिंतीपलीकडे पोचते. माझी मुलगी शेजारच्या खोलीत झोपते, म्हणून सांगते. ‘ट्रेनर डिफिकल्टी’ कमी केली तर चढ पायाला सौम्य लागतो, वेग मात्र तेवढ्याच वॅटचा मिळतो. ती फसवणूक नाही, बिनधास्त कमी करा.

पहिली शर्यत सपाट, अर्ध्या तासाची आणि पॉवर-अप नसलेली निवडा. पंधरा मिनिटं आधी अंग तापवून घ्या. संपल्यावर निकालाचं पान उघडाल तेव्हा आपलं नाव शोधा आणि वरची दोन, खालची दोन नावं लक्षात ठेवा. पुढच्या आठवड्यात त्याच वेळच्या शर्यतीत त्यांतलं एखादं पुन्हा दिसतं. त्याच्या मागे लागा.