तळघरातलं पाणी: बाहेरून खणायचं, आतून वाट काढून द्यायची, की नुसता थर द्यायचा?

तळघराच्या भिंतीला ओल दिसली की लगेच वॉटरप्रूफिंगची चौकशी सुरू होते. त्याआधी एक स्वस्तातली तपासणी करा. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद पुसून कोरड्या केलेल्या भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. थेंब खोलीकडच्या बाजूला दिसले तर ते हवेतलं बाष्प आहे. भिंतीकडच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येतंय.

बाष्प असेल तर काहीही तोडू नका. डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) लावा, थंड पाण्याच्या पाइपांना फोमचं आवरण घाला आणि दमट हवेच्या दिवसांत खिडक्या बंद ठेवा. हवा खेळावी म्हणून खिडक्या उघडल्या की बाहेरची दमट हवा थंड भिंतीवर येऊन आणखी पाणी सोडते. जमिनीतल्या जाळीतून घाण पाणी वर येत असेल तर तो ड्रेनेज लाइनचा प्रश्न. तिथे उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह लागतो, भिंतीचा कुठलाही उपाय नाही.

पाणी पावसात येत असेल तर आधी छपराकडे बघा. 100 चौरस मीटर छपरावर 25 मिमी पाऊस पडला की 2,500 लिटर पाणी खाली येतं. पन्हळीचा पाइप भिंतीच्या पायाशीच सुटत असेल तर ते सगळं तळघराच्या वाटेला जातं. पाइप निदान दोन मीटर लांब न्या. भिंतीलगतची भरावाची माती कालांतराने बसते आणि तिथे चर तयार होतो. माती भरून पहिल्या तीन मीटरमध्ये 15 सेंमी उतार द्या. मग दोन-तीन जोरदार पाऊस जाऊ द्या. पुढचा कोणताही उपाय निवडलात तरी हे टळत नाही.

एवढं करूनही पाणी आलं, तर खरी निवड तीन उपायांत आहे.

आतून थर. सर्वांत सोपा, म्हणून सर्वांत जास्त वेळा चुकीच्या जागी वापरला जाणारा. भिंतीबाहेर एक मीटर पाणी साचलं की तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब पडतो. तो दाब आतला थर मागून ढकलतो. साधा वॉटरप्रूफ रंग त्यामुळे फुगतो, सुटतो, मागे क्षारांची पांढरी पूड उरते. क्रिस्टलाइन थर वेगळा, कारण तो काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक वाढवतो आणि साधारण 0.4 मिमीपर्यंतच्या केसासारख्या भेगा बुजवतो. पण जुना रंग खरवडून, पृष्ठभाग ओलाचिंब करूनच तो लावायचा, आणि नंतर दोन-तीन दिवस पाणी मारत राहायचं. विटांच्या भिंतीवर त्याचा भरवसा नाही.

एकच भेग गळत असेल तर थरापेक्षा इंजेक्शन, म्हणजे भेगेत दाबाने रसायन भरणं, बरं. भेगेच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने, 15 ते 20 सेंमी अंतरावर तिरकी छिद्रं पाडून पॅकर (रसायन आत सोडायच्या छोट्या नळ्या) बसवतात आणि खालून वर भरत जातात. गळती चालू असताना पॉलियुरेथेन वापरा, ते पाण्याशी संयोग होऊन फुगतं. एपॉक्सी कोरड्या आणि आता न हलणाऱ्या भेगेसाठी. भेग वाढत असेल तर एपॉक्सीशेजारी नवी भेग पडते.

आतून निचरा. भिंत आणि फरशीच्या सांध्यातून पाणी येत असेल तर आमचं मत या बाजूला. भिंतीलगत सुमारे 30 सेंमी रुंद फरशी तोडायची, जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं फिल्टर कापड) अंथरायचं, 100 मिमीचा सच्छिद्र पाइप छिद्रं खाली करून दर मीटरला एक सेंमी उताराने टाकायचा, भोवती 20 मिमी धुतलेली खडी भरायची. पाइप 60-75 सेंमी खोल संपमध्ये, म्हणजे पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्यात, उतरवायचा; तिथून पंप पाणी बाहेर काढतो. पायाच्या तळाखाली खणू नका आणि सगळ्या कडा एकाच वेळी तोडू नका, कारण फरशी भिंतीच्या बुंध्याला आधार देत असते.

इथे बिघडतो तो पंप. बाहेर काढणाऱ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर तेच पाणी परत येतं. वीज बहुधा वादळी पावसातच जाते, म्हणून बॅटरीवरचा दुसरा पंप चैन नव्हे. फ्लोट (पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा तरंगता गोळा) खड्ड्याच्या भिंतीला अडकत नाही ना, ते बघा. पाणी सतत गढूळ येत असेल तर पंप पायाखालची माती ओढतोय: काम थांबवून फिल्टर तपासा.

बाहेरून मेम्ब्रेन. पाणी भिंतीत शिरूच देत नाही तो हा एकच. पायापर्यंत खणायचं, भिंत साफ करायची, पाया-भिंतीच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई (वाटा) करायची, मग बिटुमेन मेम्ब्रेन (डांबरी जलरोधक आवरण), त्यावर उंचवट्यांचा संरक्षक प्लास्टिक पत्रा आणि पायाशी निचऱ्याचा पाइप. पत्रा वगळला तर भराव टाकताना दगड मेम्ब्रेन फाडतात. झाडं, ओटे, शेजारची भिंत आड येते, आणि दीड मीटरपेक्षा खोल चर टेकूंशिवाय खणणं जिवाशी खेळ आहे.

विटांची किंवा दगडी भिंत आतून भुगा होत असेल, किंवा तळघरात राहायच्या खोल्या करायच्या असतील, तर खर्च जास्त असूनही बाहेरूनच करा. आतला निचरा फरशी कोरडी ठेवतो, भिंत ओलीच राहते. काँक्रीटची भिंत शाबूत असेल, पाणी फक्त सांध्यातून येत असेल आणि बाहेर खणायला जागा नसेल, तर आतला निचरा पुरतो.

निचरा आतून असो की बाहेरून, पाइप बुजवण्याआधी त्याच्या वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतायला लावा. खालच्या टोकाला ते लगेच आलं नाही, तर उतार चुकलाय, आणि तो सुधारायची हीच वेळ.