सीएमईच्या स्लाइड तपासायला कॉक्रेन लायब्ररी: कुठे भरवसा ठेवावा, कुठे नाही

सीएमई म्हणजे डॉक्टरांचं पदवीनंतरही चालू राहणारं शिक्षण. त्यातल्या व्याख्यानाच्या स्लाइड हातात आल्या आणि त्यातलं प्रत्येक विधान पुराव्यावर उभं आहे का हे पाहायचं असलं, की सगळ्यात आधी उघडावी ती कॉक्रेन लायब्ररी, म्हणजे एखाद्या उपचारावरचे सगळे अभ्यास गोळा करून केलेल्या आढाव्यांचा (रिव्ह्यूंचा) ऑनलाइन संग्रह. सीएमईचा मजकूर तपासणाऱ्या समितीसाठी इतकं नेमकं साधन दुसरं क्वचितच आहे. पण तिचं काम कुठे संपतं हेही माहीत हवं, नाहीतर ‘कॉक्रेनमध्ये पाहिलं’ एवढ्यावर एकतर्फी व्याख्यान सहज पास होतं.

कॉक्रेन ही संस्था १९९३ साली सुरू झाली. आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश डॉक्टरांच्या नावावरून तिचं नाव ठेवलं. औषध आणि उपकरण कंपन्यांचे पैसे ती रिव्ह्यूसाठी घेत नाही. २०२० च्या धोरणानुसार रिव्ह्यूच्या लेखकांपैकी किमान दोन तृतीयांश जणांचे कंपनीशी हितसंबंध असता कामा नयेत, पहिल्या आणि शेवटच्या लेखकाचे तर नाहीतच. निष्पक्षतेचा दावा पुष्कळ जण करतात. इथे तो नियमात आकड्यानिशी लिहिलेला आहे, म्हणून त्याला वजन आहे.

वापरायची रीत साधी आहे. स्लाइडवरचं एकच विधान घ्या आणि त्याचे चार तुकडे करा: रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, परिणाम कोणता. औषधाचं ब्रँडनेम टाकू नका, जेनेरिक नाव टाका. निकालात रिव्ह्यू आणि ट्रायल्स (रुग्णांवर केलेल्या उपचारांच्या चाचण्या) असे वेगळे टॅब दिसतात. ट्रायल्सचा टॅब ही नुसती नोंदवही आहे. त्यातल्या अभ्यासांचा दर्जा कोणी तपासलेला नसतो. तिथे वक्त्याचा संदर्भ सापडला म्हणजे विधान खरं ठरलं असं नाही. ही चूक फार होते.

रिव्ह्यू उघडला की लांबलचक मजकुरात न शिरता थेट ‘समरी ऑफ फाइंडिंग्ज’च्या तक्त्यावर जा. लायब्ररीचं खरं मोल याच तक्त्यात आहे. त्यात रुग्णाच्या दृष्टीनं महत्त्वाचे, जास्तीत जास्त सात परिणाम असतात आणि प्रत्येकापुढे सापेक्ष फरक, बहुतेक वेळा दर १००० रुग्णांमागे प्रत्यक्ष फरक, एकूण किती लोकांचा अभ्यास झाला आणि पुराव्याची खात्री किती, हे दिलेलं असतं. समजा त्रास १००० पैकी २० जणांना होत होता, तो औषधानं १० जणांवर आला. स्लाइडवर ‘धोका निम्म्यावर’ असं येईल. तक्ता सांगेल की १००० मागे १० जण वाचले, म्हणजे एकाच्या फायद्यासाठी १०० जणांना औषध द्यावं लागलं. दोन्ही आकडे खरे आहेत. श्रोत्याला निर्णय घ्यायला दुसरा लागतो.

ओसेल्टामिविर या फ्लूवरच्या औषधाचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. ‘फ्लूची लक्षणं लवकर ओसरतात’ हे वाक्य स्लाइडवर अगदी निरुपद्रवी वाटतं. २०१४ च्या कॉक्रेन रिव्ह्यूत प्रौढांमध्ये लक्षणं कमी व्हायला लागण्याचा वेळ १६.८ तासांनी घटला, म्हणजे ७ दिवसांवरून ६.३ दिवसांवर आला. रुग्णालयात भरती होण्याच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. उपचार घेणाऱ्या दर २८ प्रौढांमागे एकाला जादा मळमळ आणि दर २२ मागे एकाला जादा उलटी झाली. हे चारही आकडे एका स्लाइडवर मावतात. त्यातला पहिलाच ठेवला, तर खोटं काहीच न बोलता दिशाभूल होते. हा रिव्ह्यू छापील लेखांवर विसंबला नाही. कंपन्यांकडून आणि नियामकांकडून ट्रायलचे पूर्ण अहवाल मिळवून केला, म्हणून त्याला एवढी किंमत.

खात्रीच्या चार पायऱ्या आहेत: उच्च, मध्यम, कमी, अतिशय कमी. रिव्ह्यूची भाषा त्याप्रमाणे बदलते: ‘कमी होतो’, ‘बहुधा कमी होतो’, ‘कमी होऊ शकतो’, ‘सांगता येत नाही’. स्लाइड करताना सर्वांत आधी गळतं ते ‘बहुधा’. म्हणून क्रियापद शब्दाला शब्द लावून पाहा. खात्री का उतरवली तेही तळटीपेत असतं: अभ्यासातले दोष, निकालांतली विसंगती, रुग्ण वेगळ्याच प्रकारचे असणं, आकड्यांच्या अंदाजाची पट्टी फार रुंद असणं किंवा नकारात्मक अभ्यास छापलेच न जाणं.

आता त्रुटी. पहिली आणि मोठी: प्रकाशनाच्या तारखेवर जाऊ नका, शोधाची तारीख पाहा. रिव्ह्यू अलीकडचा दिसतो आणि त्यातला शोध बराच आधी थांबलेला असतो. दुसरी: नुकत्याच आलेल्या औषधावर बहुतेक वेळा रिव्ह्यूच नसतो, आणि प्रायोजित व्याख्यानं नेमकी त्याच औषधांवर असतात. तेव्हा ट्रायलची मूळ नोंदणी काढा आणि आधी जाहीर केलेला मुख्य परिणाम व छापलेला मुख्य परिणाम शेजारी ठेवा. एवढा खटाटोप कशासाठी, हे २००८ च्या एका विश्लेषणातून कळतं. अमेरिकी नियामकाकडे नोंदलेल्या नैराश्यावरील औषधांच्या ७४ ट्रायलपैकी ३८ सकारात्मक होत्या, त्यातल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी फक्त ३ नकारात्मक म्हणून छापल्या, २२ छापल्याच नाहीत आणि ११ सकारात्मक असल्यासारख्या छापल्या. छापील संदर्भांची यादी कितीही लांब असली तरी ती अर्धीच बाजू असू शकते.

तिसरी त्रुटी लायब्ररीची नाही, पण तिच्यानं ती भरूनही निघत नाही. स्लाइडवर जे आहे ते ती तपासून देते. जे वगळलंय ते आपणच शोधायचं. जुनं स्वस्त औषध, बिनऔषधी उपाय, ‘काहीच न करणं’ हा पर्याय स्लाइडवर आहे का? नुसती चाचणीतली सुधारणा दाखवून मृत्यूचा आकडा टाळलाय का? हृदयाचे अनियमित ठोके दाबणाऱ्या एन्केनाइड आणि फ्लेकेनाइडबद्दल ‘कास्ट’ ट्रायलमध्ये १९८९ साली दिसलं ते विसरू नये: ठोके सुधारले, पण प्लॅसिबोपेक्षा (औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा) मृत्यू जास्त झाले.

वक्त्याचे हितसंबंधही लायब्ररीबाहेरचेच. त्यासाठी अमेरिकेत सीएमईला मान्यता देणाऱ्या एसीसीएमई या संस्थेची मानकं चांगली आहेत: मागच्या २४ महिन्यांतले कंपन्यांशी असलेले सगळे आर्थिक संबंध वक्त्यानं सांगायचे, आणि व्याख्यानाच्या आधी व नंतर ३० मिनिटं त्या जागेत जाहिरात नाही. याची गरज दाखवणारा रिव्ह्यू कॉक्रेनमध्येच आहे. २०१७ च्या त्या रिव्ह्यूत कंपनीनं पैसा पुरवलेल्या अभ्यासांत इतर अभ्यासांच्या तुलनेत अनुकूल निकाल १.२७ पट आणि अनुकूल निष्कर्ष १.३४ पट आढळले.

पूर्ण रिव्ह्यू सगळ्यांना लगेच मोफत मिळत नाही. साधारण वर्षभरानं तो पबमेड सेंट्रल या मोफत ऑनलाइन संग्रहात खुला होतो. सोप्या भाषेतला सारांश मोफत असतो, पण तपासणी त्यावर करू नका. तक्त्यातले आकडे त्यात पुरेसे नसतात. तक्त्यावरून प्रत्येक दाव्याखाली दर हजारी फरक, खात्रीची पायरी आणि शोधाची तारीख अशी एक ओळ छापायला सांगा. ज्या दाव्याखाली वक्ता ही ओळ देऊ शकत नाही, त्यावर ‘वक्त्याचं वैयक्तिक मत’ असं त्याच आकाराच्या अक्षरांत यायला हवं.